वरणावरचें पाणी

आमच्या सुशिक्षित समाजांत ज्या गोष्टींना पुरावा मागण्याची कोणासही कधीं गरज वाटलेली नाहीं, त्यांत डाळीच्या पाण्याचा क्रम बराच वरचा लागेल. गेल्या महिन्यांत एका चुलत बहिणीकडे जेवावयास गेलों होतों. घर खाऊनपिऊन सुखी. मुलगा व सून दोघेंही पदवीधर. नातू नऊ महिन्यांचा. बाराच्या सुमारास त्याच्या जेवणाची वेळ झाली, तेव्हां ताईंनीं तुरीचें वरण शिजलेल्या भांड्यांतून वरवरचें पिवळसर पाणी पळीनें अलगद काढलें, फडक्यांतून गाळलें, आणि वाटीभर त्या मुलास पाजलें. तळाशीं राहिलेली घट्ट डाळ फोडणी घेऊन आमच्या, म्हणजे पन्नाशी उलटलेल्या मंडळींच्या, पानांत आली. मीं विचारलें, तेव्हां ताई म्हणाल्या, "अरे, सगळें सत्त्व पाण्यांतच उतरतें. आणि पचायलाही हलकें."

हलकें तें आहेच. पाणी हलकेंच असतें.

या सर्व घोटाळ्याचें मूळ 'सत्त्व' या शब्दांत आहे. फुलांचें अत्तर निघतें, वनस्पतींचा काढा होतो, चहाच्या पत्तीचा रंग व गंध पाण्यांत उतरतो. तेव्हां अन्नाचेंही तसेंच होत असलें पाहिजे, हा तर्क ऐकावयास सरळ वाटतो. फक्त तो चूक आहे. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळींत सुमारें २२ ग्रॅम प्रथिनें असतात, आणि निम्म्याहून अधिक भाग पिष्टमय पदार्थांचा. मुलाचें अंग भरतें तें या दोहोंवर, आणि हीं दोन्हीं दाण्यांत, किंवा दाणा मोडल्यावर त्याच्या गाळांत राहतात. शिजतांना कांहीं क्षार, कांहीं जीवनसत्त्वें व थोडींशीं प्रथिनें पाण्यांत येतात, नाहीं असें नाहीं. परंतु डाळ खालीं बसूं देऊन वरचें पाणी घेतलें, आणि तेंही फडक्यानें गाळलें, कीं मुलाच्या वांट्यास येतो तो मुख्यतः डाळीचा रंग व वास.

विलायती विद्येचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं यावर फार हंसूं नये. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिस येथें दार्से नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें हाडें उकळून निघणाऱ्या जिलेटिनचें सूप दवाखान्यांतून व गरिबांच्या अन्नछत्रांतून सुरू करविलें होतें. हाडांतील सर्व पोषण त्यांत आलें, अशी त्याची खात्री होती. रुग्ण कुरकुर करूं लागले, तेव्हां विज्ञान अकादमीनें समिति नेमली, आणि माझांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं वर्षानुवर्षें कुत्र्यांवर प्रयोग होऊन १८४१ सालीं निष्कर्ष आला कीं एकट्या जिलेटिनवर प्राणी जगत नाहीं. एवढ्यानें शहाणपण आलें असेल, तर तसेंही नाहीं. पुढें थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें मांसाचा अर्क काढला, १८६५ सालीं त्याची कंपनी निघाली, आणि आजाऱ्यांना मांसाच्या ऐवजीं तो अर्क चारला जाऊं लागला. अर्क करतांना चरबी व गोठणारीं प्रथिनें बाजूला काढलेलीं असत. उरे ती चव. म्हणजे ताईंची चूक लीबिगच्या तोडीची आहे, आणि हें मी त्यांचा गौरव म्हणून सांगतों.

आतां मुख्य मुद्दा. लहान मुलाचें पोट किती असतें? वजनाच्या दर किलोमागें सुमारें ३० मिलिलिटर असें धरतात. म्हणजे सात किलोच्या मुलाच्या पोटांत एका वेळीं एक लहान पेलाभर मावेल. ती जागा पाण्यानें भरली कीं मूल तृप्त दिसतें, झोंपीं जातें, घरची मंडळीही निश्चिंत होतात. त्याच्या भुकेची तक्रार बंद होते आणि भूक तशीच राहते. सहा महिन्यांनंतर आईचें दूध चालूं ठेवूनही तें एकटें पुरत नाहीं. अन्नाची जोड नेमकी याच काळांत हवी असते. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे डॉ. पां. वा. सुखात्मे आणि हैदराबादचे डॉ. गोपालन यांनीं पूर्वींच बजावलें होतें कीं आमच्या मुलांत मुख्य तूट नुसत्या प्रथिनांची नसून एकंदर अन्नाची, उष्मांकांची आहे. डाळीच्या पाण्यानें दोहोंपैकीं एकही तूट भरून निघत नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकीं किमान पुरेसा आहार मिळणारीं अवघीं ११ टक्के आढळलीं, आणि महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील मुलांत ३५ टक्के वयाच्या मानानें खुजीं. याचें मोठें कारण दारिद्र्य आहे, हें मला ठाऊक आहे. परंतु ज्या घरीं डाळ आहे, तूप आहे, आणि तरीही मुलास निवळ मिळते, तेथें दारिद्र्याकडे बोट दाखविण्याची सोय नाहीं.

"आम्हीं तेंच पिऊन वाढलों ना!" हें उत्तर ठरलेलें आहे. माझा जन्म ज्या सुमाराचा, त्या १९७१ सालीं या देशांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १२९ मुलें वर्षाच्या आंत जात असत. तीं सर्व डाळीच्या पाण्यानें गेलीं, असें कोण म्हणेल? पण जगलेल्यांचीच तेवढी साक्ष काढावयाची आणि तिच्यावर पद्धतीचा गुण ठरवावयाचा, हा न्याय कोणत्या न्यायशास्त्रांत बसतो? दुसरा आक्षेप वाताचा. त्याला उपाय आमच्याच स्वयंपाकघरांत आहे: डाळ भिजवावी, पार मऊ शिजवावी, पळीनें घोटावी, मऊ भातांत कालवून वर तूप सोडावें, आणि आरंभीं दोन-तीन चमचेच द्यावे. घट्टपणाची परीक्षाही सोपी आहे: चमचा कलता केला तर घांस ओघळून जाऊं नये.

गंमत अशी कीं जेथें खरोखर कांहीं तरी पाण्यांत उतरतें, तेथें आम्हीं तें पाणी मोरींत ओततों. तांदळांतील ब-एक जीवनसत्त्व पाण्यांत विरघळणारें. पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, हें आइकमन यानें गेल्या शतकापूर्वींच जावांत पाहिलें, आणि १९२९ सालीं त्याला त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. तरी आमच्या घरांत पांढरेशुभ्र तांदूळ चार पाण्यांनीं चोळून धुतले जातात, आणि कोठें कोठें भात वेळून त्याचें पाणीही टाकलें जातें. कोंकणांतला उकड्या तांदळाची पेज पिणारा माणूस याबाबतींत आम्हां पदवीधरांहून शहाणा ठरला.

डाळीच्या पाण्याशीं माझें वैर नाहीं. पुरणाच्या कटाची आमटी मी दोनदां मागून घेतों. जुलाबांत शरीरांतलें पाणी गेलेल्या मुलास तें इतर पेयांबरोबर खुशाल द्यावें. पेय म्हणून तें उत्तम आहे. माझी तक्रार त्याला जेवण म्हणण्याबद्दल आहे.

हें सर्व मीं ताईंना त्याच दिवशीं सांगितलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. परवां पुन्हां त्यांच्याकडे जाणें झालें. मुलाच्या वाटींत घोटलेला वरणभात होता आणि त्यावर तुपाची चांगली धार. मीं समाधानानें पाहतों आहें असें दिसतांच ताई सुनेला म्हणाल्या, "मामांच्या सांगण्यावरून चाललंय हो हें. रात्रीं मूल रडलं तर त्यांनाच फोन कर."