शाळेसाठी गाव सोडताना घर कोठे घ्याल?

मे महिना लागला की आमच्या वडनेर भोलजीच्या थांब्यावर एक दृश्य दरवर्षी दिसते. मुंबई-नागपूर महामार्गाच्या कडेला एखादे छोटे मालवाहू वाहन उभे असते. त्यात लोखंडी कपाट, कूलर, गॅसची टाकी, मुलांच्या सायकली आणि गोधडीत गुंडाळून ठेवलेली तथागत व बाबासाहेबांची तसबीर. कुटुंब निघालेले असते. कोठे? नांदुऱ्याला, मलकापूरला, खामगावला. ऐपत असली तर बुलढाण्याला किंवा अकोल्याला. पूर्वी आमची माणसे पोटासाठी गाव सोडत. आता पोरांच्या शाळेसाठी सोडतात. बदल मोठा आहे आणि तो चांगला आहे, असे आम्ही मानतो.

गाव सोडू नका, गावाची माती, गावची आपुलकी वगैरे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांची स्वतःची मुले पुण्यात असतात! ज्या गावाने आमच्या बापजाद्यांना वेशीबाहेर ठेवले, त्या गावाचे गोडवे आम्हाला कोणी ऐकवू नयेत. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याबद्दलचे आपले मत अगदी कठोर शब्दांत सांगून टाकले होते. तेव्हा ज्याला जायचे आहे त्याने खुशाल जावे. आमचे म्हणणे एवढेच आहे की जाताना हिशेब नीट करावा, कारण हा हिशेब चुकलेली घरे आम्ही पाहत आहोत.

हा हिशेब बरोबर करणारा एक बाप आमच्या इतिहासात होऊन गेला. सुभेदार रामजी सकपाळ. दापोली झाली, सातारा झाले. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवाचे नाव दाखल झाले. पुढे 1904 च्या सुमारास पेन्शनीवर जगणारा हा माणूस कुटुंब घेऊन मुंबईला आला. राहिला कोठे? परळ भागातल्या डबक चाळीत, एका खोलीत. स्वयंपाक तेथेच, झोपणे तेथेच. पण मुलगा शिकला एल्फिन्स्टन हायस्कुलात, म्हणजे त्या काळच्या मुंबईतल्या नामवंत सरकारी शाळेत. खोलीत अभ्यासाला जागा नव्हती म्हणून मुलगा संध्याकाळी लवकर झोपे आणि बाप रात्री दोन वाजेपर्यंत जागून त्याला उठवी. पुस्तकांसाठी लग्न झालेल्या मुलींचे दागिने गहाण पडले. 1907 मध्ये मुलगा मॅट्रिक झाला. रामजींनी घर पाहिले नाही, शाळा पाहिली. आज आपण नेमके उलटे करतो. आधी लेआऊट पाहतो, प्लॉट पाहतो, सिमेंटचा रस्ता आणि कमान पाहतो, आणि मग त्या कमानीजवळ जी काही 'इंग्लिश स्कूल' असेल तीत मुलाला घालतो.

बरे, चांगली वस्ती आपल्याला मिळते तरी का? आमच्या नात्यातल्या एका मुलाचा अनुभव सांगतो. शहराचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ते कोणतेही असू शकते. पोरगा नोकरीला, सून शिकलेली, मुलगी पहिलीत जायची. शाळेला लागून असलेल्या एका नगरात खोल्या पाहिल्या. भाडे ठरले, ॲडव्हान्सही बोलून झाला. मग घरमालकाने पूर्ण नाव विचारले. आडनाव ऐकल्यावर म्हणाला, ‘‘घरी विचारून सांगतो.’’ अजून तो घरीच विचारतो आहे! दुसरीकडे ‘‘आम्हाला शाकाहारीच भाडेकरू लागतात.’’ तिसऱ्याने जयंतीच्या वर्गणीचा विषय काढून पाहिला. पोरगा आमच्याजवळ येऊन म्हणाला, ‘‘काका, शाळा जवळ आहे, पण घर मिळत नाही. घर मिळतं तिथून शाळा तीन-चार किलोमीटर पडते.’’

आम्हाला याचे नवल वाटले नाही. 1917 साली विलायतेहून शिकून बडोद्याला नोकरीवर आलेल्या बाबासाहेबांना त्या शहरात कोणी घर दिले नव्हते. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. शंभर वर्षांत लाठी गेली. ‘‘घरी विचारून सांगतो’’ आले.

पण हा नुसता मानापमानाचा प्रश्न समजू नका. घर अडवले की शाळा आपोआप अडते. अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च त्या त्या भागाच्या मालमत्ता करातून चालतो, म्हणून जशी वस्ती तशी शाळा. गोऱ्यांच्या वस्त्यांत काळ्यांना घर विकायचे नाही असे करार तेथे उघडपणे होत. 1948 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे करार कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत असे सांगितले आणि 1954 मध्ये काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तरी वस्त्या वेगळ्याच राहिल्या आणि त्यांच्यामागून पुष्कळ शाळाही वेगळ्या राहिल्या. आपल्याकडे कोणी करार लिहीत नाही. आपल्याकडे करार लिहूनच देत नाहीत, आणि खरी मेख तेथेच आहे.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. या कायद्याच्या कलम 12(1)(क) नुसार खाजगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांना द्याव्या लागतात. आपल्या राज्यात अनुसूचित जातीच्या पालकाला यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा दाखला लागतो. प्रवेश मात्र घरापासूनच्या अंतरावर ठरतो. एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलाला आधी प्राधान्य. भाड्याने राहणाऱ्याने राहण्याचा पुरावा म्हणून भाडेकरार दिला तर तो नोंदणीकृत हवा आणि अर्जाच्या तारखेच्या आधीचा हवा. आता सांगा, जो घरमालक मोठ्या मुश्किलीने खोली देतो, तो रजिस्ट्रेशनला चालतो का? ‘‘राहा ना, कागद कशाला?’’ म्हणतो. आपला माणूस खोली मिळाल्याच्या आनंदात गप्प बसतो. त्या न झालेल्या कागदापायी पोरीची आठ वर्षांची मोफत जागा जाते! शिवाय आपण सामान हलवतो मे महिन्यात. 2025-26 चे अर्ज जानेवारी 2025 मध्येच भरून घेतले गेले. जूनमध्ये शाळेच्या दारात जाऊन बाबासाहेबांच्या कायद्याची भाषा बोलण्यात काय अर्थ? तोपर्यंत सोडत निघून गेलेली असते.

म्हणून आम्ही त्या पोराला सांगितले की एक वर्ष थांब. मुलीला आणखी एक वर्ष गावातच राहू दे, ती काही म्हातारी होत नाही. दिवाळीनंतर घर शोध, दोनशे-पाचशे भाडे जास्त गेले तरी चालेल पण नोंदणीकृत करार देणारा मालक शोध. आणि आठवीनंतरचाही विचार आताच कर, कारण मोफत शिक्षणाची ही हमी आठवीपर्यंतच आहे. नववीला त्याच शाळेची पूर्ण फी समोर उभी राहते आणि पोरगी ऐन दहावीच्या तोंडावर शाळा बदलते. जेथे नववी-दहावीची चांगली अनुदानित शाळा जवळ आहे, अशा वस्तीत घर असले तर ही पाळी येत नाही. सुनेला हे पटले. पोराला अजून पूर्ण पटलेले नाही.

या 25 टक्क्यांवर सरकारचाही डोळा होताच. 9 फेब्रुवारी 2024 रोजी राज्य सरकारने नियमच बदलला. एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी विनाअनुदानित शाळेला या जागा द्यायची गरज नाही, असा तो बदल होता. म्हणजे शहरातल्या बहुतेक खाजगी शाळांची सुटकाच! पालक व संघटना कोर्टात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2024 रोजी स्थगिती दिली, 19 जुलै 2024 रोजी तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. त्या वर्षी प्रवेश लांबले, पोरे घरी बसून राहिली, ते वेगळेच.

चांगली शाळा म्हणजे कोणती, याबद्दलही आपल्यात मोठा भ्रम आहे. टाय आणि बूट म्हणजे शाळा नव्हे. 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर तालुक्याच्या गावांतही अशा शाळा भराभर निघाल्या. त्यांतल्या काही खरोखर चांगल्या आहेत, पण काहींत शिकवणारी मुलगी कालपरवा बारावी झालेली असते आणि तिला हातात किती पगार मिळतो हे विचारायची सोय नाही. आपण विचारत नाही. मास्तर कोण, त्यांची पात्रता काय, एका वर्गात किती मुले, शाळेला मान्यता आहे का, हे विचारायला लाज वाटते आणि फीसाठी सोसायटीचे कर्ज काढायला वाटत नाही. कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. वर्गात डोकावून मुले मोजायला पैसे पडत नाहीत. आणखी एक गोष्ट पाहावी, आमच्या मते ही सर्वांत मोठी. त्या शाळेत आपली आणखी किती मुले आहेत? एल्फिन्स्टन नामवंत शाळा होती, तरी फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून भीमराव फळ्याकडे जाताच पोरांनी डबे उचलायला धाव घेतली. एकटे पोर काय सोसते ते घरी येऊन सांगत नाही.

आता मागे राहिलेल्यांचे बोलू. गाडी भरून निघाली की जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटावरचे एक-दोन नाव कमी होते. सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयाने मागवले. राज्यात अशा शाळा जवळजवळ पंधरा हजार होत्या. या शाळांत कोण शिकते? ज्यांना गाडी भरता येत नाही त्यांची मुले. शेतमजुराची, पारध्याची, आपल्याच वाड्यातल्या विधवा बाईची. पटावरून नावे आम्ही काढायची आणि शाळा सरकारने बंद केली म्हणून ओरडही आम्हीच करायची, हा प्रकार आम्हाला बोचतो. रामजींनी मुलाला शाळेजवळ नेले. त्या मुलाने मोठेपणी काय केले? 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि 1950 मध्ये औरंगाबादला, जेथे आमच्या पोरांना कॉलेज नव्हते तेथे, कॉलेज उभे केले. बापाने पोर हलवले, पोराने कॉलेज हलवले! आम्ही त्यातले पहिले अर्धेच उचलले आहे.

गावच्या शाळेची व्यवस्थापन समिती कायद्याने पालकांची आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. या समितीची सभा कधी होते, कोण सही करते, किती शिक्षकांची पदे रिकामी आहेत, हे शहरात गेलेल्या आमच्या शिक्षक, तलाठी, बँकवाल्या बांधवांनी आपल्या गावात राहिलेल्या भावाला फोनवरून तरी विचारले आहे का? 14 एप्रिलला ते येतात. निळे फेटे बांधतात, डीजेला पाच-पाच हजार देतात, रात्री परत जातात. यंदा त्यांच्यापैकी एकाला आम्ही शाळेच्या फाटकापर्यंत नेले. तो याच शाळेत शिकला. फाटकाला कुलूप होते, सुट्टीच होती. कुलपातून आत बघत तो म्हणाला, ‘‘इथं आमच्या वेळी सात गुरुजी होते. आता किती आहेत?’’ आम्ही म्हणालो, तुझ्या भावाची पोरगी चौथीत आहे, तिलाच विचार.