भुताला हसा, पण तेवढ्यावर थांबू नका



विज्ञानाच्या मासिकात भुतांना जागा कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडेल. तुमच्या शिक्षकांना तर तो नक्कीच पडेल. पण मी ज्या भुतांविषयी लिहिणार आहे ती घाबरवणारी नाहीत, हसवणारी आहेत. माझे मत असे आहे की, हसवणारे भूत विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या बऱ्याच उपयोगाचे असते. मात्र या हसण्याला एक मर्यादा आहे आणि एक धोकाही आहे.

मराठीत अशा भुतांची वाण नाही. विक्रम राजाच्या पाठीवर बसून कोडी घालणारा वेताळ तुम्हाला ठाऊकच आहे. राजाने तोंड उघडले की स्वारी पुन्हा झाडावर! द. मा. मिरासदारांनी लिहिलेल्या ‘एक डाव भुताचा’ (१९८२) या चित्रपटात अशोक सराफ यांचे भूत एका शाळामास्तरांशी दोस्ती करते. मास्तर झाले आहेत दिलीप प्रभावळकर. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या नाटकातली चेटकीण पाहून बालप्रेक्षक खुर्चीवर उड्या मारतात. ‘झपाटलेला’ (१९९३) मधला तात्या विंचू तर काय, एवढा नामचीन गुंड, पण मेल्यावर एका बाहुल्यात अडकून पडतो!

या सगळ्यांना आपण का हसतो? भुताला कोणताच नियम लागू नाही असे आपण ऐकत आलेलो असतो. लेखक मात्र त्याला माणसासारख्या अडचणीत टाकतो. त्याला मित्र हवा असतो, त्याचा अपमान होतो, बाहुल्याच्या आखूड पायांनी त्याला पळावे लागते. भूत नियमांच्या कचाट्यात सापडले की हसू फुटते. आणि नियम म्हटले की तो आपला, म्हणजे भौतिकशास्त्राचा, प्रांत झाला.

चला तर, विनोदी लेखकाचेच काम आपण थोडे पुढे नेऊ. भूत भिंतीतून आरपार जाते असे म्हणतात. पण तेच भूत जिन्यावरून चालत येते आणि त्याच्या पावलांचा आवाज ऐकू येतो! आता विचार करा. तुमचे वस्तुमान ४० किलोग्रॅम असेल, तर तुम्ही जमिनीला सुमारे ४०० न्यूटन बलाने खाली दाबता आणि जमीन तितक्याच बलाने तुम्हाला वर ढकलते. म्हणून तुम्ही उभे राहू शकता. भिंत तुमच्या हाताला अडवते तीही याच प्रकारच्या बलाने. ज्याला भिंत अडवत नाही, त्याला जमीन तरी कशी अडवेल? ते भूत जमिनीतूनही आरपार जाईल. पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर आणि दहा सेकंदांत सुमारे ४९० मीटर खाली! बिचाऱ्याला ‘भॉक’ म्हणायलाही सवड मिळणार नाही.

कोणी म्हणेल, भुताला गुरुत्वाकर्षणही लागू नाही. ठीक आहे. मग ते सरळ रेषेत एकसमान वेगाने जात राहील आणि परिवलन करणारी पृथ्वी त्याच्या पायांखालून वळून दूर जाईल. वर्ध्याच्या अक्षांशावर हा हिशेब केला, तर एका मिनिटात भूत सुमारे ५० मीटर उंच गेलेले असेल. पिंपळाच्या शेंड्याला धरून बसावे, तर फांदी त्याच्या हाती लागत नाही! अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ कोस्टास एफथिमिऊ आणि सोहांग गांधी यांनी २००६ साली चित्रपटांतल्या भुतांची अशीच तपासणी एका निबंधात केली होती. तेव्हा हा उद्योग अगदीच पोरकट आहे असे समजू नका.

इथवर हसणे उपयोगी पडले. भीती वाटत असताना प्रश्न सुचत नाहीत. हसू आले की मन मोकळे होते आणि ‘हे कसे शक्य आहे?’ असे विचारायचे धैर्य येते. पण मर्यादाही इथेच आहे. रात्री बारा वाजता छपरावर कोणी चालल्याचा आवाज आला, तर भूत जमिनीतून खाली पडले असते हा आपला हिशेब पुरत नाही. मग तो आवाज कशाचा? हसणारा मनुष्य हा प्रश्न तसाच सोडून देतो आणि पुढच्या अंधाऱ्या रात्री भीती पुन्हा हजर होते.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, कुठेही जा. कवेलूच्या जागी आता टिनाची छपरे दिसतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि टिनाचे पत्रे तर त्याहून बरेच तापतात. रात्री ते निवतात. समजा, ३ मीटर लांबीचा पोलादी पत्रा ३० अंशांनी थंड झाला. पोलादाचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००१२ असतो. तीन गुणिले तीस गुणिले हा अंक, उत्तर येते सुमारे १ मिलिमीटर. पत्रा एवढा आखडतो, पण खिळ्यांनी आणि बोल्टांनी तो जखडलेला असतो. ताण साचत जातो आणि मग एकेका जागी पत्रा एकदम सरकतो. टण्... थोड्या वेळाने टण्... झाली पावले सुरू! दिवसा तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या छपरावर हे ‘भूत’ येणारच. तापमापक आणि घड्याळ घेऊन तुम्ही त्याची वेळसुद्धा नोंदवू शकता.

जुन्या वाड्यांत आणि धान्याच्या कोठारांत राहणारे गव्हाणी घुबड हे असेच दुसरे भूत. पांढरा बदामी चेहरा, कर्कश चीत्कार आणि उडताना पंखांचा आवाज जवळजवळ नाही. त्या बिचाऱ्याचा धंदा उंदीर खाण्याचा, पण नाव मात्र हडळीचे होते.

घाबरूनही प्रश्न विचारणारा माणूस कसा असतो, ते व्हिक टँडी या इंग्रज अभियंत्याकडून शिकावे. प्रयोगशाळेत रात्री एकटा काम करत असताना त्याला घाम फुटला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून एक करडी आकृती दिसली. मान वळवताच ती नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी शेगड्यात पकडून ठेवलेले तलवारबाजीचे पाते आपोआप थरथरताना त्याने पाहिले. टँडीने शोध घेतला, तेव्हा नव्या पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झ वारंवारतेचा स्थिर तरंग तयार झाल्याचे आढळले. हा ध्वनी आपल्या कानांना ऐकू येत नाही. खोलीची लांबी ३० फूट, म्हणजे सुमारे ९ मीटर होती. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून तुम्हीच पडताळा करून पाहा. खोलीच्या लांबीत अर्धी तरंगलांबी बरोबर बसते! टँडीचा निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे लंडनमध्ये मुद्दाम असा ध्वनी सोडून प्रयोग केला गेला. त्याचा निबंध २००९ मध्ये आला आणि त्यात ध्वनीचा व लोकांच्या अनुभवांचा संबंध आढळला नाही. म्हणजे पाते थरथरण्याचे कारण पक्के झाले, आकृती दिसण्याचे झाले नाही. वाद अशा रीतीने पुढे जातो. भुताचे नाव घेतले की मात्र तो तिथेच संपतो.

आता धोक्याविषयी. विनोदी भूतकथेत आपण नेमके कोणाला हसतो, हे तपासून पाहा. भुताला हसलो, भुताच्या नावाने पैसे उकळणाऱ्या मांत्रिकाला हसलो, तर त्यात काही वावगे नाही. पण पुष्कळ वेळा हशा वसूल केला जातो तो घाबरलेल्या मोलकरणीवर, एकट्या राहणाऱ्या म्हातारीवर किंवा ‘अंगात आलेल्या’ मुलीवर. नाटकात यावर टाळ्या पडतात. गावात मात्र त्याच म्हातारीला करणी करणारी ठरवले जाते आणि त्याच मुलीला भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण होते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो अशाच गोष्टींसाठी. या कायद्याखाली अशा मारहाणीला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड, अशी शिक्षा आहे. त्या मुलीला गरज असते ती डॉक्टरांची. आपल्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातसुद्धा मनोविकारांवर उपचार होतात. तिला हसणे आणि तिला मांत्रिकाकडे नेणे, या दोन्हींत तिचे दुखणे कोणी पाहत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात भुताचे प्रहसन जरूर बसवा. शिक्षकांनी त्याला नाके मुरडू नयेत. मात्र लिहिताना दोन गोष्टी पाळा. पहिली, हशा घाबरलेल्या माणसाच्या जिवावर घेऊ नका; तो भुताच्या आणि मांत्रिकाच्या वाट्याला येऊ द्या. दुसरी, सगळे हसून झाल्यावर आणखी एक प्रवेश ठेवा. त्यात सर्वांत भित्र्या पात्राच्या हाती कंदील, तापमापक आणि वही द्या आणि त्याला शिडी लावून छपरावर चढू द्या. तिथे त्याला काय सापडते, हे मात्र आधी स्वतः पाहून या आणि मगच लिहा. पत्रा रात्री किती वाजता वाजतो, हे तुमच्या गावात अजून कोणी मोजलेले नसेल.