आरओच्या ठरावाआधी पाणी तपासा

मावळात हल्ली गावोगाव आरओची खोली दिसू लागली आहे. नाणे टाकले की जार भरतो. सोय चांगलीच आहे. पण सरपंच-सदस्य मंडळींनो, नव्या यंत्राचा ठराव करण्याआधी एक प्रश्न ग्रामसभेत जरूर विचारा : आपल्या पाण्यात दोष नेमका कोणता?

आरओचे खरे काम क्षार काढण्याचे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, असे भारतीय मानक सांगते. लोणावळ्याकडे वर्षाला साधारण ४००० मिलिमीटर पाऊस पडतो. पवना-इंद्रायणीच्या वरच्या अंगाचे पाणी मुळात गोडे. तिथे पावसाळ्यात दुखणे असते ते गाळाचे आणि जंतूंचे. त्यावर तुरटी, वाळूचा फिल्टर आणि टीसीएल हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

उलट हाच गाळ आरओच्या मेंब्रेनचा वैरी. ठिबकचे ड्रिपर कसे चोंदतात, हे शेतकरी बंधूंना ठाऊक आहेच. इथेही तेच. आधी बारीक माती बसते, तिच्यावर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. पाणी जड असेल तर चुना चढतो. मग पंपाला जोर जास्त, वीजबिल जास्त आणि जारात धार कमी.

आणखी एक मेख आहे. क्लोरीनने मेंब्रेन खराब होते, म्हणून तो कार्बन फिल्टरमध्ये आधीच काढून घेतात. त्यामुळे पुढच्या टाकीत पाण्याला राखणदारच उरत नाही. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता भागात जीबीएसची साथ आली, तेव्हा काही खासगी आरओ केंद्रांचे पाणीही दूषित निघाले आणि महापालिकेने अशी केंद्रे बंद केली. नुसत्या पाटीने पाणी शुद्ध होत नाही!

ज्या गावात यंत्र आहे, त्यांनी वाळूचा फिल्टर वेळच्या वेळी उलट्या पाण्याने धुवावा. कार्ट्रिज मळताच बदलावे. दाब आणि धार रोज वहीत लिहावी. धार दहाव्या हिश्शाने घटली की मेंब्रेनची रासायनिक धुलाई करून घ्यावी. थर पक्का झाला की मेंब्रेन फेकून नवे आणण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो खर्च पंचायतीच्याच माथी.

ज्यांच्याकडे यंत्र नाही, त्यांनी जलसुरक्षकामार्फत पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवावा. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यात. माती परीक्षणाशिवाय आपण खत टाकत नाही, मग पाणी न तपासता लाखाचे यंत्र कशाला घ्यायचे?