गावाकडचे कागद आणि इथले कोर्ट



आपल्या मंडळात चिकोडी, निपाणी, संकेश्वरकडची बरीच कुटुंबे आहेत. त्यांच्यातला एखादा संसार मोडायला आला आणि प्रकरण इथल्या ऑस्ट्रेलियन कोर्टात गेले, की गावाकडच्या शेताचा विषय निघतोच. ‘ते वडिलोपार्जित आहे, माझ्या नावावर काही नाही’ एवढ्यावर भागते, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती चुकीची आहे. मालमत्ता जगात कुठेही असो, ती उघड करण्याचे बंधन नवरा-बायको दोघांवर असते. १० जून २०२५ पासून तर हे बंधन थेट कौटुंबिक कायद्यातच घातले आहे.

चिकोडी तालुक्यातल्या शेताची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये निघते. नवव्या रकान्यात मालक, अकराव्यात कर्जाचा बोजा, बाराव्यात कसणारा. मालक म्हणून अजून आजोबांचेच नाव असले, तरी नातवाचा हिस्सा संपत नाही, आणि तो सांगावा लागतो. कारखान्याचे ऊसबिल, सोसायटीचे शेअर, पतसंस्थेतली ठेव, हेही आलेच.

भारतातल्या कोर्टांतही आता लपवाछपवीला वाव कमी झाला आहे. नागपूरहून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांच्या पीठाने निकाल दिला, की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्तेचे आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. जमीन बागायत की जिरायत, पिके कोणती, गाई-म्हशी किती, त्यांतून हाती काय येते, सगळे त्यात विचारले आहे. शेतीचे उत्पन्न मोघम सांगून बायको-मुलांना तुटपुंज्या रकमेवर बसवायचे, ही जुनी रीत मोडायला हा नमुना फार उपयोगी आहे.

‘पण खरे सांगितले तर मीच अडकेन, त्याचे काय?’ बेळगावच्या फ्लॅटचे भाडे इथल्या कर विवरणात दाखवलेले नसते, दुकानातली रोकड वहीत नसते. ही भीती खोटी नाही. भारतीय राज्यघटनेच्या २०(३) कलमाचे संरक्षण गुन्ह्याचा आरोप असलेल्यालाच आहे. पोटगीच्या दाव्यातल्या पक्षकाराला त्याच्या आड दडता येत नाही. साक्षीदाराला अडचणीचे उत्तर द्यायला कोर्टाने भाग पाडले, तर ते उत्तर पुढे फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, अशी सोय भारताच्या पुरावा कायद्यात आहे. खोट्या साक्षीला मात्र माफी नाही. ऑस्ट्रेलियात पुरावा कायद्याच्या १२८व्या कलमाखाली कोर्ट तशाच संरक्षणाचे प्रमाणपत्र देते. पण आक्षेप उत्तर देण्याआधी घ्यावा लागतो, आणि ते प्रमाणपत्र भारतातल्या कोर्टावर बंधनकारक नाही. म्हणून शपथपत्रावर सही करण्याआधी आपल्या वकिलाला सगळे सांगा, अगदी लाज वाटणारेही.

मुलीच्या माहेरच्यांची भीती वेगळी असते. हुंडा दिला म्हणावे, तर १९६१च्या हुंडाबंदी कायद्याने देणाराही गुन्हेगार. त्यामुळे किती दिले, काय दिले, यावर आई-वडील तोंड उघडत नाहीत आणि मुलीचे सोने सासरीच राहते. त्याच कायद्याच्या ७व्या कलमात मात्र स्पष्ट लिहिले आहे, की गुन्ह्याची झळ बसलेल्या व्यक्तीवर तिच्या जबाबामुळे या कायद्याखाली खटला चालवता येणार नाही. ही तरतूद आपल्या लेकींना ठाऊक नाही, याचे मला फार वाईट वाटते.

अशा भांडणांत सर्वांत जास्त नुकसान होते ते जिने घरचे कागद कधी पाहिलेच नाहीत तिचे. कोर्टात काय मागायचे, हेच तिला ठाऊक नसते. समोरच्याने काय दडवले, हे तिने सांगायचे तरी कसे?

ज्यांचे संसार सुखाचे आहेत, त्यांनाही म्हणूनच एक विनंती. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा नाडकचेरीतून पहाणी काढा, सोसायटीचा खातेउतारा घ्या, मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून त्यांचे इंग्रजी भाषांतर करून घ्या, आणि एकेक प्रत दोघांनीही आपापल्याकडे ठेवा.

– संपादक