मारुतीला पाणी कुठवर आलं?

गोदावरी फुगली की नाशिककर एकमेकांना एवढंच विचारतात. गंगापूर धरणातून किती क्युसेकने विसर्ग सुरू आहे, ते जलसंपदा विभाग सांगतोच. पण भांडीबाजारातल्या दुकानदाराला क्युसेकने काय कळणार? रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की टपऱ्या हलवायच्या, कमरेला लागलं की खालच्या फळीवरचा माल वर चढवायचा, छातीला लागलं की शटर ओढून घर गाठायचं. 2016 आणि 2019 च्या पुरांतही हेच मोजमाप गावाच्या तोंडी होतं.

या मारुतीला तोंडं दोन, पण सांगणं एक. सरकारची तोंडं निदान तीन: दिल्ली, मुंबई आणि महापालिका. संकट आलं की तिन्ही एकदम बोलतात, नाहीतर तिन्ही एकमेकांकडे बघतात.

21 एप्रिल 2021 रोजी इथल्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. रुग्णालय महापालिकेचं, चौकशी समिती राज्याची, शोकसंदेश दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळ्यांचे. दाराशी ताटकळलेल्या नातेवाइकांना मात्र एकच हवं होतं: आपला माणूस कसा आहे, हे कुणीतरी समोर येऊन सांगावं.

29 जानेवारी 2025 ला प्रयागराजच्या कुंभात पहाटेपूर्वी चेंगराचेंगरी झाली. पंतप्रधानांनी सकाळीच शोक व्यक्त केला. तिथल्या अधिकाऱ्यांनी 30 मृत्यूंचा आकडा सांगितला तो संध्याकाळी. मधले सगळे तास अफवांना मोकळं रान मिळालं. 'परिस्थिती नियंत्रणात आहे' हे वाक्य ऐकलं की हल्ली लोक आधी मोबाइल चार्जिंगला लावतात, ते उगाच नाही.

आता पाळी आपली आहे. सिंहस्थाची मुख्य स्नानं 2027 च्या ऐन पावसाळ्यात येतात. म्हणजे गर्दी आणि पूर एकाच घाटावर. 2003 च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी हे शहर विसरलेलं नाही. आणि जानेवारी 2025 मध्ये जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांचं नाव जाहीर होऊन दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती मिळाली, हेही आपण पाहिलं. घाट, पूल, रस्ते यांच्या बैठका होतील. त्यातली एक बैठक 'बोलायचं कुणी' यासाठी व्हावी. पाण्याच्या सर्वांत जवळ जो उभा आहे, त्याने आधी बोलावं. वरच्यांनी त्याचाच आकडा पुढे सांगावा. धीर देण्याची घाई नको. पाणी कुठवर आलंय आणि लोकांनी आता काय करायचं, एवढं कळलं तरी माणूस आपोआप सावरतो.

यंदाच्या अंकातले लेख याच प्रश्नाभोवती फिरतात. फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचा, पटलं नाही तर भांडा, पण कळवा. आणि पुढच्या पावसाळ्यात कुणी मारुतीचं पाणी विचारलं, तर स्वतः बघितलं असेल तेवढंच सांगा.

दीपावलीच्या शुभेच्छा!

— संपादक