शॉकअपची खाच आणि कमरेचे दुखणे

कंबरदुखी घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टर ठरावीक प्रश्न विचारतात. काम काय करता, वजन उचलता का, पायाला मुंग्या येतात का, रात्री झोपेत दुखते का. शिराळा तालुक्यासारख्या भागात या यादीत आणखी एका प्रश्नाची भर पडायला हवी: दुचाकीवर रोज किती किलोमीटर जाता, मागे काय ओझे असते आणि गाडीचे मागचे शॉकअप त्या ओझ्याला जुळवलेले आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पटकन मिळतील. तिसऱ्यावर बहुतेक जण गप्प बसतील, कारण शॉकअप वजनानुसार जुळवता येते हेच अनेकांना ठाऊक नसते.

शिराळ्याचा पश्चिम भाग डोंगराळ आहे. वारणेच्या काठाने कोकरूड, आरळा करत चांदोलीकडे जावे किंवा गुढे-पाचगणीच्या पठारावर चढावे, रस्ता वळणाचा आणि चढ-उताराचा. पावसाळ्यात खड्डे पडतात, उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी कडा खचतात. वाड्या-वस्त्यांवर एसटी ठरलेल्या वेळीच येते. त्यामुळे दूध डेअरीला घालायचे, मूल शाळेत सोडायचे, म्हातारीला दवाखान्यात न्यायचे, या सगळ्याला एकच वाहन: शंभर-सव्वाशे सीसीची मोटरसायकल.

दूध गोळा करणाऱ्याचे उदाहरण घेऊ. ४० लिटरचे दोन कॅन भरले की दुधाचेच वजन ८२ किलोच्या आसपास होते, कारण एक लिटर दूध एक किलोपेक्षा थोडे जड असते. कॅनचे वजन धरले की आकडा नव्वदीच्या पुढे जातो. चालवणारा ६५ किलोचा असेल तर गाडीवर दीडशे किलोंहून जास्त भार आला, आणि त्यातला बराचसा मागच्या चाकावर. तेच कॅन रिकामे करून परतताना भार निम्म्याहून कमी. पण शॉकअपची खाच जाताना जिथे होती तिथेच येताना असते. गाडी शोरूममधून आली तेव्हा जिथे होती, बहुधा तिथेच.

हे जुळवण्याचे शास्त्र सर्वांत काटेकोरपणे पाळले जाते ते डोंगरात सायकल चालवणाऱ्यांच्या खेळात. माउंटन बाइकला स्प्रिंगचा पुढचा फोर्क बाजारात आला तो १९८९ च्या सुमारास. आज उतारावरच्या लांब पल्ल्याच्या सायकलींची चाके १६० ते २०० मिलिमीटर वर-खाली होऊ शकतात. असा सायकलस्वार नवी सायकल घेतली की आधी स्वतःचे वजन मोजतो, तेही हेल्मेट, पाठीवरची पिशवी आणि पाण्याची बाटली यांसह. मग सायकलवर उभा राहून स्प्रिंग किती दबते ते पाहतो. पुढे एकूण हालचालीच्या साधारण वीस टक्के आणि मागे तीस टक्के दब असावा, असा सुरुवातीचा अंदाज असतो. १६० मिलिमीटरच्या फोर्कला तो ३२ मिलिमीटर येतो. दब कमी-जास्त असेल तर शॉकमधली हवा कमी-जास्त केली जाते. त्यानंतर दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उसळते, हे तेलाच्या झडपेने ठरवतात. उसळी जास्त असेल तर चाक माणसाला वर फेकते. फारच मंद असेल तर पुढचा दगड येईपर्यंत स्प्रिंग सावरलेली नसते आणि सायकल दबतच जाते.

वजन दहा किलोने बदलले तरी हा सायकलस्वार पुन्हा मोजमाप करतो. आपल्या मोटरसायकलवर रोज नव्वद किलो चढतात आणि उतरतात, तरी कुणी पान्याला हात लावत नाही.

दब नेमका कशासाठी? स्प्रिंगला दोन्ही बाजूंना जागा हवी असते. उंचवटा आला की चाकाला वर सरकायला जागा लागते, खळगा आला की खाली उतरायला. समजा मागच्या चाकाची एकूण हालचाल ९० मिलिमीटर आहे आणि नुसते ओझे चढवल्यावर त्यातली ६५ संपली. उरली २५. पुढे ५० मिलिमीटरचा उंचवटा आला की स्प्रिंग तळाला टेकते आणि उरलेला धक्का सीटमधून थेट माकडहाडाकडे जातो. उलट, स्प्रिंग इतकी ताणलेली असेल की माणूस बसल्यावर ती दबतच नाही, तर खळग्यात चाक खाली उतरत नाही, गाडीच आपटते. दोन्हींत पाठ धक्का खाते.

पाठीच्या कण्याची रचना पाहिली की याचे गांभीर्य कळते. दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. मोठ्या माणसात या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आजूबाजूच्या हाडांतून झिरपणाऱ्या द्रवावर ती जगते. म्हणून झालेली झीज भरून निघायला फार वेळ लागतो. रात्रभर आडवे पडल्यावर ही गादी पाणी शोषून फुगते, त्यामुळे माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सुमारे दीड सेंटिमीटर उंच असतो. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. दूधवाल्याचे काम सुरू होते ते नेमके पहाटे, वाकून कॅन उचलण्याने, आणि लगेच खडबडीत रस्त्याने.

दुसरी गोष्ट कंपनांची. बसलेल्या माणसाचा धड सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा हलवला तर तो सर्वांत जास्त थरथरतो. झोपाळ्याला योग्य वेळी ढकलत राहिले की झोका मोठा होतो, तसेच हे. खराब रस्त्यावरून येणाऱ्या हादऱ्यांत या गतीची कंपने असतातच. युरोपीय संघाने २००२ मध्ये कामगारांच्या संरक्षणासाठी यावर मर्यादा घातली. आठ तासांच्या कामाचा हिशेब धरून संपूर्ण शरीराला बसणारे कंपन ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला पोचले की मालकाने उपाय करायचे, आणि १.१५ ही पातळी कधीच ओलांडायची नाही. या हिशेबाचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: कंपनाची तीव्रता दुप्पट झाली तर तितकाच मारा पाव वेळात होतो. ट्रॅक्टर आणि ट्रक चालवणाऱ्यांत कंबरदुखी जास्त आढळते, हे जगभर दिसून आले आहे. दूधवाला कुणाचा कामगार नसतो, म्हणून त्याच्या पाठीचा हिशेब कुणी ठेवत नाही.

सर्वांत जास्त धोका मात्र मागे बसणाऱ्या वयस्कर बाईला असतो. मागची सीट मागच्या चाकाच्या जवळ, म्हणून धक्का तिला अधिक. लुगडे-साडीमुळे ती एका अंगाला बसलेली, कंबर पिळलेली, पुढचा गतिरोधक दिसत नाही, फूटरेस्टवर जोर देऊन उठता येत नाही. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होतात. अशा वेळी एका जोरदार आपटण्याने पाठ आणि कंबर जिथे मिळतात त्या भागातला मणका दबून मोडू शकतो. बाहेरून जखम नसते. घरचे म्हणतात, ‘उसण भरली असेल’, आणि तेल लावून चोळतात. गाडी आपटल्यानंतर पाठीच्या मध्यभागी अचानक दुखू लागले आणि उठता-बसताना कळ येत असेल, तर चोळू नये, हाड बसवून घेऊ नये. आधी एक्स-रे काढावा.

आता उपायाकडे. बहुतेक साध्या मोटरसायकलींच्या मागच्या दोन्ही शॉकअपांना खालच्या बाजूला पायऱ्यांसारख्या खाचा असलेले एक कडे असते, बहुधा पाच खाचांचे. टूलकिटमधल्या आकड्यासारख्या पान्याने ते फिरते. दोन्ही बाजूंची खाच सारखीच ठेवायची. काही स्कूटरना ही सोय नसते. तिथे वजन आणि वेग एवढेच आपल्या हातात.

दब घरी मोजता येतो. गाडी डबल स्टँडवर लावा, मागचे चाक अधांतरी राहील. चाकाच्या आसापासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या ठिकाणापर्यंत टेपने अंतर घ्या. मग गाडी स्टँडवरून उतरवा, रोजचे ओझे चढवा, चालवणाऱ्याला बसवा, एकाने गाडी सरळ धरा आणि दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा घ्या. दोन अंतरांतला फरक म्हणजे दब. चाकाची एकूण हालचाल पुस्तिकेत दिली असेल तर तिच्या पाव ते एक तृतीयांश इतका दब ठीक. निम्म्याहून जास्त असेल तर खाच वाढवा.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. खाच वाढवली म्हणून स्प्रिंगची ताकद वाढत नाही. दबून खाली गेलेली गाडी तेवढी वर उचलली जाते आणि हालचालीला पुन्हा जागा मिळते, इतकेच. म्हणून पुस्तिकेतल्या भारमर्यादेपलीकडचे ओझे पाचवी खाचही पेलू शकत नाही. काही जण त्यावर जाड स्प्रिंग बसवून घेतात. पण आतले तेल जुन्या स्प्रिंगच्या मापाचे असते, जाड स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही आणि रिकामी गाडी चालवणाऱ्याला उडवू लागते. ज्याची दोन्ही वेळची ओझी अगदी वेगळी आहेत, त्याने परतीच्या आधी खाच उतरवावी. सवय झाली की दोन मिनिटांचे काम आहे.

तेलाची तपासणी त्याहून सोपी. सीट जोराने खाली दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डोलत राहिली किंवा नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तर शॉकअप संपले आहे. अशा गाडीचे चाक रस्ता सोडून उडते आणि ब्रेकही नीट लागत नाही. चाकातली हवा भरताना एकट्याचे आणि दोघांचे असे वेगवेगळे आकडे असतात, ते पाहावेत. आणि वेग. त्याच उंचवट्यावर वेग दुप्पट झाला तर चाक दुप्पट वेगाने वर फेकले जाते आणि झेलायची ऊर्जा चौपट होते. चाळीसऐवजी वीसने गतिरोधक ओलांडणे हा कोणत्याही शॉकअपपेक्षा मोठा उपाय आहे.

पण सगळा भार गाडीवाल्यावर टाकणे न्यायाचे नाही. दुसरी खेप मारायची म्हणजे पेट्रोल आणि वेळ दोन्ही जातात, आणि दुधाच्या हिशेबात ते बसत नाही, हे दूधवाल्याला डॉक्टरपेक्षा जास्त कळते. म्हणून इतरांनीही काही करायला हवे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता येईल असा सांगितला आहे. त्यावर रंगाचे पट्टे आणि आधी सूचनाफलक हवा. गावोगाव दिसतो तो हातभर रुंदीचा, अचानक उठलेला वरवंटा. ग्रामपंचायतींनी आणि बांधकाम विभागाने असे वरवंटे मोजून काढून टाकले, तर अनेक मणके वाचतील. गाडी सर्व्हिसिंगला घेताना गॅरेजवाल्याने ‘रोजचे ओझे किती?’ एवढे विचारून खाच लावून द्यावी. दूध संकलन केंद्रावर एक पाना आणि एक टेप टांगून ठेवायला फार खर्च येत नाही.

प्रत्येक कंबरदुखी गाडीमुळे होते असे अजिबात नाही. बैठे काम, वाढलेले वजन, तंबाखू, शेतातले वाकणे अशी कारणे अनेक आहेत. पण दुखण्याबरोबर पायातली ताकद कमी होणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूस बधिरपणा, ताप किंवा उगीच वजन घटणे यांपैकी काहीही असेल, तर थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तसे काही नसेल आणि दुखणे गाडीवर बसल्यावर वाढत असेल, तर गोळीसोबत मागच्या चाकाजवळची ती खाचही एकदा पाहावी.