इथलं राजकारण : बुजुंबुराहून आलेली मुलगी

वाचकहो, आपल्या मंडळींची स्वीडनच्या राजकारणाशी ओळख बहुधा पगारातून कापल्या जाणाऱ्या करापुरतीच. निवडणूक आली की ‘आपल्याला काय त्याचं?’ म्हणून आपण मोकळे! म्हणून या अंकात आम्ही अशा एका बाईंची ओळख करून देणार आहोत, ज्या या देशात बाराव्या वर्षी निर्वासिताची मुलगी म्हणून आल्या आणि पुढे मंत्री व पक्षाध्यक्ष झाल्या. त्यांचं नाव न्याम्को साबुनी.

जन्म 1969 चा, बुरुंडीतल्या बुजुंबुरा गावी. वडील मूळचे काँगोचे म्हणजे तेव्हाच्या झाईरचे. राजकारणापायी त्यांनी तुरुंगवास भोगला. अ‍ॅम्नेस्टीच्या मदतीने ते 1980 साली स्वीडनला आले. पुढच्या वर्षी पत्नी आणि काही मुलं आली, त्यात न्याम्को होत्या. स्टॉकहोमच्या उत्तरेला कुंगसेंगेनमध्ये त्या वाढल्या. 1995 साली क्लिपान गावात एका आफ्रिकन निर्वासिताचा वंशद्वेषातून खून झाला, त्यानंतर त्या राजकारणाकडे वळल्या.

त्यांचा पक्ष म्हणजे फोल्कपार्टिएत, आजचे लिबरल. 2002 साली या पक्षाने नागरिकत्वासाठी स्वीडिश भाषेची परीक्षा हवी, अशी मागणी केली. केवढा गदारोळ झाला! परदेशी लोकांवर अविश्वास, असं विरोधक म्हणाले. पण मतं 4.7 टक्क्यांवरून 13.4 वर गेली, आणि साबुनीबाई खासदार झाल्या. गंमत अशी, की 2019 च्या जानेवारी करारात सोशल डेमोक्रॅट्सनीही याच परीक्षेला मान्यता दिली.

2006 साली पंतप्रधान राइनफेल्ट यांनी त्यांना एकात्मता आणि स्त्री-पुरुष समानता खात्याचं मंत्री केलं. आफ्रिकी वंशाच्या त्या स्वीडनच्या पहिल्याच मंत्री. पंधरा वर्षांखालच्या मुलींना शाळेत हिजाब नको, आणि सुंतेच्या प्रथेपासून मुलींना वाचवण्यासाठी शाळकरी मुलींची सक्तीने वैद्यकीय तपासणी करा, असं त्यांनी त्याच वर्षी म्हटलं होतं. त्यांच्या नेमणुकीविरुद्ध सह्या गोळा झाल्या. तपासणीची कल्पना काही सरकारी धोरण झाली नाही.

सरसकट सक्ती आम्हालाही पटत नाही. ज्या मुलीला धोका नाही तिने का म्हणून तपासून घ्यावं? पण स्थलांतरितांच्या घरातल्या मुलींवर होणाऱ्या जुलमाबद्दल स्थलांतरितांपैकीच कुणी बोलावं, हे आम्हाला मोलाचं वाटतं. आपलं धोरण म्हणजे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’. परक्या मुलखात आपल्या माणसांचं उणं चव्हाट्यावर कशाला आणायचं? खरं आहे. पण इथे जन्मलेल्या लेकीचं स्थळ बघताना जात विचारणारी घरं आपल्यातही आहेत. त्या मूठीत गुदमरतं कोण, हेही एकदा विचारायला हवं.

2013 च्या जानेवारीत बाईंनी मंत्रिपद सोडलं आणि खाजगी क्षेत्रात गेल्या. 2019 च्या जूनमध्ये परतल्या त्या थेट पक्षाध्यक्ष म्हणून. काळ कठीण होता. संसदेत यायला चार टक्के मतं लागतात, आणि पक्ष चाचण्यांमध्ये त्याखाली घसरला होता. 2021 साली त्यांनी पक्षाला पुन्हा उजव्या आघाडीकडे नेलं. स्वीडन डेमोक्रॅट्सच्या पाठिंब्याचं सरकार येईल, म्हणून जुने कार्यकर्ते दुखावले. एप्रिल 2022 मध्ये, निवडणुकीला पाच महिने उरले असताना, त्यांनी राजीनामा दिला. योहान पेहरसन यांच्या नेतृत्वाखाली पक्ष 4.6 टक्क्यांवर तरला आणि सत्तेतही गेला. वाट साबुनींनी आखली, चालले दुसरेच.

असो. त्यांची मतं पटोत न पटोत, त्या पाहुण्यासारख्या ओसरीवर बसून राहिल्या नाहीत, माजघरात शिरून भांडल्या. आपल्यालाही दार बंद नाही. इथे सलग तीन वर्षं नोंदणीकृत वास्तव्य झालं, की नागरिकत्व नसतानाही नगरपालिका आणि प्रांताच्या निवडणुकीत मत देता येतं. मतपत्र घरी आलं, तर जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकू नका, एवढंच आमचं मागणं!